कानाचं मशीन लावून घेताना: एका जॉबरची वही

२०२० साली सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि मी बहिरा झालो.

त्याआधी माझे कान ठीक आहेत अशी माझी समजूत होती. इचलकरंजीत साध्या यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग बसवणारा-दुरुस्त करणारा, म्हणून मी ३४ वर्षं काढली. शेडमध्ये चाळीस माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून आम्ही हातवाऱ्यांवर आणि ओठांवर बोलायचो. कांडी संपली, धोटा अडकला, मालक आला, चहा आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. ती सवय अंगात इतकी मुरली की घरीसुद्धा मी माणसांचे ओठच वाचत होतो आणि त्यालाच ऐकणं म्हणत होतो. मास्कनं ओठ झाकले आणि पितळ उघडं पडलं. भाजीवाली म्हणाली ‘साठ’. मी ‘आठ’ समजून दहाची नोट पुढे केली आणि वर म्हणालो, दोन परत दे.

आता मशीन लावून तीन वर्षं होत आली. जुन्या शेडमधली मंडळी फोन करतात आणि पहिला प्रश्न एकच: कुठलं घेतलंस? सुरुवात तिथून करू नका. नवा माग आणला म्हणून लगेच कापड निघत नाही. जॉबर तो बसवतो, धोट्याचा ठोका जुळवतो, आठ-पंधरा दिवस त्याच्यामागे फिरतो, तेव्हा कुठे माग चालायला लागतो. कानाच्या मशीनचं तेच आहे. फरक एवढाच की आता पाना दुसऱ्याच्या हातात असतो आणि बिघाड नेमका सांगायचं काम आपल्याकडे.

मी आधी एकदा फसलोय, तेही सांगून टाकतो. एका मंगल कार्यालयात ‘मोफत तपासणी शिबिर’ होतं. वीस मिनिटांत तपासणी झाली, विक्री झाली, पावती झाली. एका कानाचं मशीन, १८ हजार. घरी आल्यावर पंखा विमानासारखा घोंघावायला लागला आणि बायकोचं बोलणं होतं तिथंच राहिलं. फोन केला तर म्हणाले, सवय होईल. ते मशीन अजून कपाटात माझ्या जुन्या पान्यांशेजारी पडलंय. ज्यानं विकलं तो पुढच्या महिन्यात भेटणार नसेल, तर त्याच्याकडून हे मशीन घेऊ नका. किंमत कितीही कमी असो.

आधी डॉक्टर, मग तपासणी

पहिल्यांदा कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. माझ्या उजव्या कानातून हरभऱ्याएवढा मळाचा खडा निघाला. तो तसाच ठेवून तपासणी केली असती तर सगळंच चुकलं असतं. कान वाहत असेल, चक्कर येत असेल, एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर मशीनचा विषय नंतर. आणि एखाद्या कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकी ऐकणं परत येण्याची आशा जास्त. ‘बघू सोमवारी’ म्हणून बसू नका.

तपासणी ऑडिओलॉजिस्टकडे करायची. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असते. नंबर विचारायला लाजू नका. मी कोल्हापूरला गेलो. पोरीच्या वयाच्या मॅडम, मला ‘काका’ म्हणतात, पण कामात एकदम कडक. रातपाळी करून थेट तपासणीला जाऊ नये हे त्यांनी फोनवरच सांगितलं. मोठ्या आवाजानं कान दमलेले असतात, आणि दमलेल्या कानाचा आलेख असायला हवा त्याहून वाईट येतो.

तपासणीत दुखत-खुपत काही नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीकसा जरी ‘टूं’ ऐकू आला तरी बटण दाबायचं. ‘नक्की ऐकलं का?’ असा विचार करत बसू नका. वाटलं की दाबा. मग कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा लावून परत तेच. दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या कानात किंवा नसेत, हे त्यावरून कळतं. शेवटी मॅडमनी तोंडापुढे कागद धरला आणि एकेक शब्द म्हणायला लावले. कागद धरला तेव्हा माझा चेहराच पडला. माझी सगळी विद्या ओठांत.

आलेख हातात आला की समजून घ्या, नुसती घडी करून पिशवीत टाकू नका. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडे जाड आवाज, २५० हर्ट्झपासून. उजवीकडे बारीक आवाज, ८००० पर्यंत. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. माझी रेघ १००० पर्यंत २५-३० डेसिबलवर बऱ्यापैकी सरळ, २००० ला ४५, ४००० ला एकदम ७५ आणि ८००० ला परत वर, ६०. त्या ४००० च्या खड्ड्यावर पेन ठेवून मॅडम म्हणाल्या, “काका, गोंगाटात काम केलंय ना बरीच वर्षं?” मी धंद्याचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची हद्द आहे. आमच्या शेडमध्ये ते मोजायला कधी कोणी आलं नाही, आणि आम्हीही कानात कापूस घालणाऱ्याला हसायचो.

याच खड्ड्यामुळे मला ‘ऐकू येतं, पण कळत नाही’. आ, ओ, ऊ हे जाड आवाज, ते माझ्यापर्यंत पोचतात. स, श, च, त, फ हे बारीक, ते वाटेतच गळतात. साठमधला स गळला की उरतो आठ. म्हणून घरच्यांनी कितीही ओरडून सांगितलं तरी उपयोग नसतो. ओरडल्यानं आ मोठा होतो, स होत नाही.

मशीन निवडताना

इथं मी फार रेंगाळणार नाही, कारण दुकानदार रेंगाळतातच. सोळा चॅनेल, चोवीस चॅनेल, अमुक तंत्रज्ञान. तुम्ही विचारायचं ते वेगळंच: आधी वापरून बघायला किती दिवस देणार? वॉरंटी किती? जुळवणीच्या फेऱ्यांचे पैसे वेगळे का? दुरुस्ती इथं होते की मशीन बाहेर पाठवता, आणि तोवर मला काय? माझ्या दोन्ही कानांची मिळून ६४ हजार झाली. दोन्ही कानांना कमी असेल तर शक्यतो दोन्ही घ्या. एकाच कानावर आवाज कुठल्या बाजूनं आला ते उमगत नाही, आणि रस्ता ओलांडताना ते लागतं. बिलावर जीएसटी लावलेला दिसला तर थांबा, कानाच्या मशीनवर जीएसटी नाही. वय ६५ च्या पुढं आणि घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३००० रुपये खात्यात येतात. तेवढ्यात मशीन येत नाही, पण सेलचा खर्च तरी निघतो. मुंबईकडच्यांना वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथं तपासणीपासून सगळं होतं.

माझं मशीन कानामागं बसतं. त्यातून एक बारीक वायर कानात जाते आणि टोकाला मऊ रबरी टोपी, तिला डोम म्हणतात. माझे जाड आवाज शाबूत आहेत म्हणून डोम भोकांचा, उघडा. ज्यांचं ऐकणं फार कमी आहे त्यांना कानाच्या मापाचा मोल्ड लागतो. त्यासाठी कानात आधी कापसाचा गोळा बसवून मग मऊ लगदा भरतात आणि तो घट्ट झाला की काढून घेतात. गार लागतं आणि पाच मिनिटं काही ऐकू येत नाही, एवढंच.

बसवायचा दिवस

घरचं माणूस बरोबर न्या. मी एकटा गेलो होतो आणि तिथंच चुकलो. ज्या आवाजासाठी मशीन घेतोय तो आवाज जुळवणीच्या वेळी समोर असायला हवा.

मॅडमनी कानात शेवईसारखी बारीक मऊ नळी घातली, वर मशीन लावलं आणि समोरच्या स्पीकरवर बोलणं चालू केलं. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा, एक माझ्या आलेखावरून काढलेली, म्हणजे आवाज कानात किती पोचायला हवा त्याची. दुसरी, प्रत्यक्षात कानाच्या पडद्याजवळ किती पोचतोय त्याची. दुसरी पहिलीवर येईपर्यंत त्या खालीवर करत राहिल्या. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी, त्यामुळे तेच मशीन तुमच्या कानात वेगळा आवाज देतं आणि माझ्या कानात वेगळा. जॉबरला हे समजावून सांगावं लागत नाही. कागदावर इंचाला किती पिक, म्हणजे आडवे धागे, लिहिलेत ते आम्ही बघत नाही, कापडावर भिंग ठेवतो आणि मोजतो. सगळ्या ठिकाणी ही सोय नसते. जायच्या आधी फोनवर विचारून घ्या.

मशीन चालू झालं तेव्हा पहिला आवाज आला तो माझ्याच कॉलरचा. मान वळवली की खसखस. मग मी ‘हॅलो’ म्हणालो आणि दचकलो. कोणीतरी मडक्यात तोंड घालून माझ्या आवाजात बोलत होतं. परतीच्या एसटीत खिडक्यांच्या काचांनी डोकं उठवलं. हातकणंगले यायच्या आत मी दोन्ही मशीनं काढून खिशात टाकली.

पहिले दोन महिने

पंधरा दिवसांनी दुसरी फेरी. या वेळी आमची ही बरोबर होती. मॅडमनी विचारलं, “काका, रोज किती वेळ लावता?”

“सकाळी उठल्यापासून,” मी ठोकून दिलं.

त्यांनी मशीन लॅपटॉपला जोडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. रोजचा सरासरी वापर १ तास ४० मिनिटं. मशीन आत नोंद ठेवतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ही काही बोलली नाही, नुसता पदर सावरला.

मग मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. नवा पोरगा शेडमध्ये पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. वर्षभरानं तोच पोरगा पाठ करून उभा असताना सांगतो, तिसऱ्या ओळीतला माग बिघडलाय. त्याचे कान तेच असतात. कुठला आवाज सोडायचा आणि कुठला धरायचा हे डोकं शिकलेलं असतं. माझ्या डोक्याला ते बारीक आवाज वीसएक वर्षं मिळालेच नव्हते. फ्रीज, चपला, प्लॅस्टिकची पिशवी, सगळेच त्याला पाहुणे. रोज दीड तास शेडमध्ये येणारा पोरगा कधी जॉबर होतो का?

मी मग असं केलं. पहिला आठवडा घरातच, पण जागेपणी सगळा वेळ. डोकं दुखलं तर अर्धा तास काढायचं, परत लावायचं. सकाळी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्यानं वाचायचं. मडक्यातला आवाज त्यानंच लवकर ओळखीचा झाला. टीव्हीचा आवाज हिनं ठरवायचा, रिमोटला मी हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात एकेका माणसाशी निवांत गप्पा, मग दोघा-तिघांत. गुऱ्हाळघर, मंडई, एसटी स्टँड तिसऱ्या आठवड्यानंतर. लग्नाचा हॉल दोन महिन्यांनी, आणि तिथंही गोंगाट पाठीमागे आणि माणूस समोर येईल अशी खुर्ची धरून. बरेच जण मशीन लावून पहिल्यांदा जातात ते थेट पुतण्याच्या लग्नाला. मग मशीन वाईट म्हणून कपाटात जातं.

मॅडमनी आवाजही एकदम पुरा दिला नव्हता. लागतो त्यापेक्षा थोडा कमी ठेवून दर फेरीला चढवत नेला. तेव्हा पहिल्या दिवशी ‘अजून वाढवा’ म्हणून हट्ट नको, आणि महिनाभरानं ‘आता कमी वाटतंय’ असं झालं तर ते चांगलं लक्षण आहे, जाऊन वाढवून घ्या.

आता वहीबद्दल. आमच्या धंद्यात वही म्हणजे मागाचा एक भाग, फणीच्या मागे असतो तो. इथं मी शंभर पानी वहीबद्दल बोलतोय. शेडमध्ये कामगार येऊन ‘माग नीट चालत नाही’ म्हणाला की मी त्याला परत पाठवायचो. काय होतंय, कुठल्या बाजूला, कधीपासून, ते सांग. तसंच ऑडिओलॉजिस्टला ‘बरोबर वाटत नाही’ सांगून काही होत नाही. माझ्या वहीतल्या ओळी बघा.

‘मंगळवार. ताटात चमचा पडला, दोन्ही कानांत कळ.’ यावर मॅडमनी मोठ्या आवाजांची वरची हद्द खाली आणली.

‘जेवताना उजव्यात शिट्टी. डाव्यात नाही.’ चावताना जबडा हलतो आणि सैल डोममधून आवाज बाहेर पडून परत मशीनमध्ये शिरतो. उजवा डोम एक माप मोठा दिला, शिट्टी गेली. शिट्टी वाजली की आवाज कमी करत बसू नका, आधी मशीन नीट आत बसलंय का आणि कानात मळ साचलाय का ते बघा.

‘नात शाळा म्हणते, मला आळा ऐकू येतं.’ बारीक आवाज दोन पायऱ्या चढवले.

‘फोनवर काही नाही.’ ही माझीच चूक निघाली. मशीनचा माइक कानाच्या वर, आणि मी फोन कानाच्या भोकाला लावत होतो. फोन दोन बोटं वर धरला, काम झालं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून पुढच्या फेरीची वाट बघायची नाही: कान दुखणं, सोलवटणं. तिथं ‘सवय होईल’ हे उत्तर चालत नाही, लगेच जाऊन डोम किंवा मोल्ड बदलून घ्या. आणि डोम कानात राहिला तर पिन घालू नका, डॉक्टरकडे जा.

सेल, पाऊस आणि खोबरेल तेल

माझ्या मशीनला ३१२ नंबरचा सेल लागतो, तपकिरी स्टिकरचा. पिवळा म्हणजे १०, केशरी १३, निळा ६७५. रंग लक्षात ठेवा, दुकानात तेवढं पुरतं. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून स्टिकर काढून दोन मिनिटं थांबा आणि मग घाला. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, मी करून बघितलंय. मला एक सेल साधारण आठवडाभर जातो. रात्री सेलचं दार उघडं ठेवायचं. वापरलेला सेल तडक डबीत, पोरांच्या हाताला लागेल असा टेबलावर नाही. एवढासा सेल पोरानं गिळला तर आतून भाजतो, घरगुती उपाय न करता तडक दवाखाना. चार्जिंगची मशीनं आता मिळतात, ज्यांची बोटं थरथरतात त्यांनी तीच घ्यावीत.

जुलैमध्ये आमच्याकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मग मशीनचं काय होत असेल? रात्री सिलिका जेलच्या झाकणबंद डबीत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला किंवा सुकवा. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा, टोकाची जाळी ब्रशनं झाडा. ‘मशीन मेलं’ म्हणून मी एकदा कोल्हापूरला धावलो होतो. मळानं जाळी भरली होती, एवढंच. ती जाळी घरी बदलता येते, शिकून घ्या. आंघोळीला आणि केस कापताना काढायचं. आणि डोक्याला तेल लावणारे असाल तर आधी तेल, हात साबणानं धुवायचे, मग मशीन. खोबरेल माइकच्या भोकात गेलं की थंडीत तिथं गोठतं.

लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची, आलेखासारखीच. पहाटे दिवा न लावता घालायला जाऊ नका.

घरच्यांसाठी दोन शब्द

स्वयंपाकघरातून भिंतीला सांगू नका. आधी हाक, मी वळलो की मग मजकूर. आमची ही आता ‘अहो’ म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यानं निम्मी भांडणं मिटली. ओरडण्यापेक्षा जरा सावकाश, तोंड समोर ठेवून. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे चार शब्द आमच्या घरात बंद आहेत.

मशीननं माझे विसाव्या वर्षीचे कान परत आले नाहीत. चार जण एकदम बोलायला लागले की मी अजूनही हरतो. रात्री मशीन काढलं की कानातले रातकिडे सुरू होतात, मागाची देणगी. दिवसा मशीन असताना ते मागे पडतात.

येत्या बुधवारी माझी फेरी आहे. वहीत तीन ओळी आहेत. रिक्षाचा हॉर्न डाव्यात जास्त टोचतो. पावसाचा पत्र्यावरचा आवाज छान, त्याला हात लावू नये. आणि भाजीवाली सत्तर म्हणाली की मी अजून दोनदा विचारतो.